मानधनाची ओळ पहिली लिहायला लावणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे. फलकावर, निमंत्रणपत्रिकेत, अहवालात, कुठेही तुमचं नाव घालायचं नाही अशी ताकीद तुम्ही दिली आहे. ती मी पाळते. पण तुम्ही काय केलंत हे चार लोकांना कळायलाच हवं.

लोकमान्य नगरातल्या आमच्या शनिवारच्या कविता-वर्गाला गेल्या वर्षी एका कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी ठेवायच्या पैशातून, अनुदान मिळालं. बातमी कळल्यापासून जो तो विचारतो, "आत कोण ओळखीचं होतं?" कुणीच नव्हतं. तुम्ही होतात, बँकेतून निवृत्त झालेल्या, आणि तुमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेले आमचे कागद होते.

ठाण्याला कवितेचं वावडं कधीच नव्हतं. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून इथे आहे. गीतकार पी. सावळाराम या शहराचे नगराध्यक्ष होते. रंगायतन नाट्यगृह ज्या राम गणेश गडकऱ्यांच्या नावाने उभं आहे ते गोविंदाग्रज या नावाने कविता लिहीत. डिसेंबर २०१० चं साहित्य संमेलनही इथलंच. पण पैसा मिळतो तो पुस्तकाला, नाहीतर सोहळ्याला. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, चांगली आहे, पण ती पहिल्या पुस्तकासाठी. चार घरची कामं उरकून येणारी बाई आणि वागळे इस्टेटमधली पाळी संपवून येणारा कामगार दर शनिवारी एकत्र बसतात, आपलं लिहिलेलं वाचतात, दुसऱ्याचं ऐकतात. त्यातून पुस्तक निघेलच असं नाही. या बैठकीच्या हॉलचं भाडं कोणत्या योजनेत बसवायचं, हे आम्हाला कुणी सांगत नव्हतं.

तुम्ही पहिल्या भेटीत कवितेचा विषयच काढला नाहीत. संस्थेची घटना, किमान सात सभासद, १८६० च्या कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी, मग प्राप्तिकराच्या सवलतीसाठी १२-ए आणि ८०-जी, शेवटी सीएसआर निधी घेता यावा म्हणून सीएसआर-१ हा अर्ज, असा सगळा क्रम तुम्ही एका कोऱ्या कागदावर लिहून दिलात. तो कागद अजून आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. एका कंपनीने आमचा अर्ज "हे कौशल्य विकासात बसत नाही" म्हणून परत पाठवला, तेव्हा तुम्ही कंपनी कायद्याची सातवी अनुसूची आमच्यासमोर वाचलीत. कला आणि संस्कृती त्यात स्वच्छ लिहिलेली आहे. १३५ व्या कलमात येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के अशा कामांवर खर्च करायचे असतात. "हात पसरायला जात नाही आहात, काम दाखवायला जाताय," असं म्हणालात. त्या एका वाक्याने आमची पोरं कंपनीच्या ऑफिसात ताठ बसायला शिकली.

पण काम दाखवायचं कसं? कंपनीने स्वतः न काढलेल्या, बाहेरच्या संस्थेला हा निधी मिळायचा तर तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुम्ही हजेरीची वही मागितलीत आणि तिच्यात एक रकाना वाढवलात : "आज काय वाचलं". त्या रकान्यामुळे वहीच बदलून गेली. "पाण्याच्या रांगेवर", "नाईट शिफ्ट", "आईचा फोन उचलला नाही", अशा नोंदी येऊ लागल्या. खारेगावच्या आगरी आजींना लिहिता येत नाही. त्यांच्या नावापुढे नातीने लिहिलं आहे, "धवला, हळदीचा". लग्नात धवले म्हणणारी धवलारीण कंपनीच्या अर्जाला जोडलेल्या कागदांत आली ती अशी.

अंदाजपत्रकाची संध्याकाळ मला सगळ्यात जवळची. आम्ही रीतीप्रमाणे लिहिलं होतं, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. तुम्ही पेन्सिलीने त्यावर सरळ रेघ मारलीत आणि सगळ्यात वर लिहिलंत, "कवींचं मानधन व प्रवासखर्च". मग चष्मा काढून विचारलंत, "माइकवाल्याला देता, हॉलला देता, चहावाल्याचे चुकते करता. ज्याचं ऐकायला जमता त्यालाच फुकट बोलावता?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. छापील संग्रह असलेल्या कवीला आणि धवलारीण आजींना मानधन सारखंच, हेही तुमचंच. आजींचे पैसे थेट खात्यात गेले. त्या पासबुक भरून घेऊन वर्गाला आल्या आणि प्रत्येकाला ती ओळ दाखवत होत्या. पेन्शन नाही, व्याज नाही, गाण्याचे पैसे.

आणखी एका गोष्टीसाठी मनापासून आभार. अर्जात लाभार्थींची संख्या विचारतात. कुणीतरी सुचवलं, आकडा जरा फुगवा, सगळेच फुगवतात. तुम्ही म्हणालात, वही आहे ना, तीत जेवढे तेवढेच. कंपनीच्या अधिकारी बाई पाहायला आल्या, मागच्या सतरंजीवर बसल्या आणि वर्ग संपेपर्यंत उठल्या नाहीत. त्या दिवशी अर्जातल्या आकड्याएवढीच माणसं समोर होती, म्हणून आम्ही त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो.

आता कळव्याहून आणि ऐरोलीहून दोन गट कागद कसे करायचे ते विचारायला येतात. तुमच्या सांगण्याप्रमाणे आमची घटना, अंदाजपत्रक, वहीचा नमुना सगळं त्यांना देतो, हातचं काही राखत नाही. लेखापरीक्षण झालं, पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्रही वेळेत गेलं. नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज यावेळी पोरांनीच भरला आहे, तरी पाठवण्याआधी तुमची एक नजर हवी. येत्या शनिवारी जमेल का? आणि काकू, सगळ्यांचा प्रवासखर्च लिहिताना तुम्ही स्वतःचा कधीच लिहिला नाहीत. यंदाच्या अंदाजपत्रकात तो आम्ही घातला आहे. रिक्षाचे पैसे घ्यावे लागतील.

तुमची,
शनिवारच्या कविता-वर्गाची एक संयोजक
लोकमान्य नगर, ठाणे