पंधरा कॅन पाण्याबद्दल, अण्णांना

अण्णा, सप्रेम सलाम.

बाप्तिस्म्याच्या हौदासाठी तुम्ही गरम पाणी दिलंत, त्याबद्दल समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही विषय उसाच्या दराकडं वळवता. दोनदा झालं तसं. म्हणून लिहूनच काढतोय, आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहितोय.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं. तिथल्या जुन्या चर्चांत तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. आमची निपाणीकडची मंडळी, म्हणजे चर्चचा गट, लहान, आणि आमच्यात कळत्या वयाच्या माणसाला पाण्यात पूर्ण बुडवतात. आजवर वेदगंगेवर जायचो. या डिसेंबरला सात जण होते, त्यात एक ७८ वर्षांच्या आजी. डॉक्टरांनी सांगितलं, बीपीच्या माणसाला गार पाण्यात एकदम उतरवू नका, श्वास अडकतो. म्हणून चर्चच्या मागं सिमेंटचा हौद बांधला. आठ फूट बाय पाच, पाणी तीन फूट. गळती बघायला तो गुरुवारीच भरला, आणि तिथंच आमची पहिली चूक झाली.

दुसरी चूक माझी एकट्याची. पाणी तापवायचे दीड किलोवॅटचे दोन रॉड आणले, बांबूला बांधून शनिवारी रात्री नऊला पाण्यात सोडले आणि निवांत झोपलो. हिशेब नंतर केला. हौदात ३,४०० लिटर पाणी. ते २० अंशांवरून ३३ वर न्यायचं तर पन्नासेक युनिट वीज लागते, म्हणजे त्या दोन रॉडना सतरा तास, तेही वरून वारा लागला नाही तर. उपासना सकाळी नऊला. त्यात रात्री अकराला लाईट गेली. पहाटे चारला मी हौदात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

तुम्ही तुमच्या गुऱ्हाळाकडं निघाला होता. बॅटरीचा उजेड बघून थांबलात. "काय करालाय एवढ्या पहाटेचं?" मी सांगितलं. तुम्ही आधी त्या वायरीकडं बघितलं. "ती पिन काढा पयली. लाईट आली आणि कुणी पाण्यात असलं तर?" मी पिन काढली. खरं सांगतो अण्णा, तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कुणी उतरायच्या आधी रॉड काढायचेच होते, पण काढायचे कुणी, हे ठरलं नव्हतं.

मग तुम्ही विचारलंत, हे पाणी कवाचं? गुरुवारचं म्हटल्यावर हसलात. थंडीत बोअरचं पाणी जमिनीतून येताना कोमट असतं आणि हौदात पडून राहिलं की गारठतं, हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असतं. मीही शेतकऱ्याचाच. अर्धा हौद सोडायला लावलात. पाचला लाईट आली तशी बोअर चालू केली. तेवढ्यानंच दोन-तीन अंश फुकट मिळाले.

तुमच्या गुऱ्हाळावर मोठ्या कढईत, म्हणजे काहिलीत, रसाचं पहिलं आधण चढवायची तयारी चालली होती. ऊस तोडून पडलेला, गडी चुलवाणापाशी बसलेले. तुम्ही सांगितलंत, काहील घासा, आज आधी पाणी चढवायचं. एक आधण म्हणजे अडीच-तीन तासांचं काम, आणि गड्यांची मजुरी आधणावर. ते आधण मागं पडलं, तरी त्यांची मजुरी तुम्ही दिलीत असं मला नंतर गड्यांकडूनच कळलं. तुम्ही मला एवढंच म्हणालात, "पडू दे मागं. उसाला काय पाय फुटल्यात?"

चूल पेटती ठेवणाऱ्या जळव्यानं उसाची वाळली चिपाडं सारायला सुरुवात केली आणि बघता बघता काहिलीवर वाफ धरली. माझे रॉड आठवून मला लाज वाटली. डेअरीतून चाळीस लिटरचे पंधरा दुधाचे कॅन आले. ही युक्ती तुमच्या गुळव्याची, म्हणजे गूळ रांधणाऱ्याची. झाकण घट्ट बसतं, वाटेत पाणी निवत नाही, सांडून कुणी भाजतही नाही. ट्रॉली चर्चच्या दारात आली तेव्हा सव्वासात वाजले होते.

पोरांना लांब उभं करून एकेक कॅन ओतला. मी लगेच हात घालून "झालं" म्हणालो. गुळव्यानं बांबू घेतला आणि तळापासून ढवळायला लागला, कारण गरम पाणी वरच राहतं आणि गुडघ्याखाली गारच असतं. मग बाही वर सारून त्यानं कोपर बुडवलं, बाळाला न्हाऊ घालायच्या आधी बायका बघतात तसं. "आता झालं." डेअरीचं थर्मामीटर घातलं तर ३३. पाकाची गोळी पाण्यात टाकून गूळ ओळखणारा माणूस तो, त्याला थर्मामीटर कशाला लागतंय!

आमच्यातल्या एका जुन्या जाणत्यांनी कुरकुर केली, गरम पाण्यात कसला बाप्तिस्मा? पाळकसाहेबांनी शांतपणे सांगितलं की 'दिदाखे' नावाच्या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती नियमपुस्तकात हे लिहिलेलं आहे. वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, गार जमत नसेल तर कोमट. जाणते गप्प झाले. (नंतर हौदात हात घालून बघताना मी त्यांना पाहिलं.)

आजी तिसऱ्या पायरीवर थांबल्या. मला वाटलं घाबरल्या. त्या पाळकांना म्हणाल्या, "गुळाचा वास येतोय." मग दोन्ही हात छातीशी धरून खाली गेल्या, वर आल्या, तोंडावरचं पाणी पुसलं आणि स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या. तुम्ही त्या वेळी फाटकाबाहेर ट्रॉलीवर बसला होता. आत बोलावलं तर "पायाला चिखल हाय" म्हणालात.

पुढच्या वेळी हौद त्याच दिवशी पहाटे भरणार आहोत, वर ताडपत्री टाकणार आहोत, आणि रॉड मी परत देऊन आलोय. कॅन डेअरीला पोचले. एक झाकण मात्र आमच्या हौदामागं सापडलंय, ते या रविवारी घेऊन येतो. आजी पण येणार म्हणतात, त्यांना गुऱ्हाळ बघायचंय.

आपला,
मंडळीचा चिटणीस