‘बे एरियातच’ म्हणणाऱ्या बाबाचे पत्र

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
६ जून २०२१

चि. मुक्ता हिस बाबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा पदवीदान समारंभ आपण दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पाहिला. तुझे नाव पडद्यावर जेमतेम चार सेकंद टिकले आणि आईने फोनचा कॅमेरा उघडेपर्यंत पुढच्या मुलाचे नाव आले. तू हसलीस, आई हिरमुसली, आणि मी काहीच बोललो नाही, कारण जे बोलायचे होते ते चार वर्षांपूर्वीचे होते. रविवारच्या मराठी शाळेत तुला आम्ही ओढून नेले त्याची वसुली म्हणून हे पत्र मराठीतच वाच.

२०१७ साली चार वर्षांची पदवी देणाऱ्या विद्यापीठांकडून एकामागून एक नकार आले, तेव्हा तू शांतपणे कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे सगळ्यांना प्रवेश देणाऱ्या, दोन वर्षांच्या पदवीच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, नाव घातलेस. मी मात्र इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कोणी ‘मुलगी कुठे शिकते?’ असे विचारले की ‘बे एरियातच’, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच, एवढेच म्हणायचो आणि मोदकांची चौकशी करायचो. पुण्याला आत्याशी बोलताना तर मी ‘बर्कलेच्या बाजूला’ असे म्हटले होते, म्हणजे तिला तिथले नामांकित विद्यापीठ वाटावे. बर्कले आपल्या घरापासून तीस मैलांवर आहे, त्यामुळे ते वाक्य खोटे नव्हते. तुला ते पलीकडच्या खोलीत ऐकू गेले होते, हे मला नंतर कळले.

पुढे मी लपून या कॉलेजांविषयी वाचू लागलो. इलिनॉयमधल्या जोलिएट येथे १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालेल्या या प्रकारची आज एकट्या कॅलिफोर्नियात ११६ कॉलेजे आहेत, आणि तुझ्या प्रत्येक युनिटला, म्हणजे अभ्यासक्रमाच्या प्रत्येक श्रेयांकाला, ४६ डॉलर शुल्क पडले, हे मला माहीतच होते, कारण धनादेश मीच लिहीत होतो. मानवी जनुकसंचाचा आराखडा मांडणाऱ्यांपैकी क्रेग व्हेंटर हे कॉलेज ऑफ सॅन मटेओमध्ये शिकले, म्हणजे समोरच्या पुलापलीकडे. १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे ब्रूस मेरिफिल्ड हे पॅसाडेना ज्युनिअर कॉलेजचे विद्यार्थी होते, आणि तुझा जन्म झाला त्या १९९९ साली स्पेस शटलचे नेतृत्व करणारी पहिली स्त्री आयलीन कॉलिन्स ही न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून पुढे गेली होती. ही नावे मी वहीत उतरवून ठेवली. खरे सांगायचे तर तुझ्या कॉलेजच्या कौतुकासाठी मी ती जमवली नव्हती, आत्याला उत्तर द्यायची वेळ आली तर हाताशी असावीत म्हणून जमवली होती.

मग कोविडमुळे १७ मार्च २०२० पासून आपल्या भागात घराबाहेर न पडण्याचा आदेश लागू झाला. रेस्पिरेटरी थेरपीचे, म्हणजे श्वासाचा त्रास असलेल्या रुग्णांवरील उपचारांच्या शिक्षणाचे, तुझे पहिले वर्ष संपत आले होते. रुग्णालयांनी विद्यार्थ्यांना आत घेणे थांबवले, आणि देशभरच्या अनेक कॉलेजांनी आपल्या प्रयोगशाळांतले व्हेंटिलेटर, मुखपट्ट्या आणि हातमोजे उचलून रुग्णालयांना देऊन टाकले. ज्या यंत्रावर शिकायचे तेच यंत्र खऱ्या रुग्णाकडे गेल्यावर मुलांनी शिकायचे कशावर, हा प्रश्न राहिला, आणि तू त्याचे उत्तर आपल्या कार्पेटवर शोधलेस. मी रुग्ण झालो. व्हेंटिलेटरची श्वासनळीत घालायची नळी म्हणून तू माझ्या तोंडापाशी पाणी प्यायची स्ट्रॉ धरलीस, आई आणि तुझा भाऊ दोन बाजूंना बसले, आणि तू मला बजावलेस की श्वास सुधारावा म्हणून रुग्णाला पालथे करताना डोक्याशी उभी असलेली व्यक्ती नळी धरते आणि ती आकडे मोजेपर्यंत कोणीही हलायचे नाही, कारण त्या एका क्षणात नळी निसटली तर बाकी सगळे व्यर्थ आहे. तू ‘एक, दोन, तीन’ असे मराठीतच मोजलेस. भावाने ‘दोन’ला ओढले आणि तू त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलेस, अकरा वेळा. माझी पाठ पुढे आठवडाभर दुखत होती, पण त्याची तक्रार करण्याची ही जागा नव्हे.

तुझ्या वर्गातल्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. रात्री गोदामात खोकी भरून सकाळी वर्गाला बसणारी ती दोन मुलांची आई, घरी इंटरनेट नसल्यामुळे ग्रंथालयाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून परीक्षा देणारा तो मुलगा, आणि वडील गेल्यावर तिसऱ्या दिवशी कॅमेरा बंद ठेवून वर्गात हजर राहिलेली तुझी फिलिपिनो मैत्रीण, हे सगळे मे महिन्यात त्या पडद्यावर चार-चार सेकंद दिसले. २०२० च्या शरदात देशभरच्या कम्युनिटी कॉलेजांतली विद्यार्थीसंख्या सुमारे दहा टक्क्यांनी घटली आणि नव्याने प्रवेश घेणारे तर सुमारे एक पंचमांश कमी झाले. नोकरी गेली, मुलांची शाळा घरात आली, लॅपटॉप एकच उरला, अशी साधी कारणे त्यामागे होती. अशा वर्षी जी मुले शेवटच्या सत्रापर्यंत पोचली, त्यांच्या समारंभाला आपण टाळ्या वाजवल्या त्या कमीच होत्या.

९ सप्टेंबर २०२० ची सकाळ मी विसरणार नाही. वणव्यांच्या धुराने आकाश नारिंगी झाले होते, दिवस उजाडला तरी उजेड येत नव्हता, आणि तू पुन्हा सुरू झालेल्या क्लिनिकलसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणासाठी, गाडीचे दिवे लावून निघालीस. मी दारात उभा राहून फक्त ‘मास्क घे’ म्हणालो. पुरेसे मास्क तुझ्या पिशवीत होतेच.

आणि मग यंदाचा एप्रिल आला. पुण्यात बेड मिळत नव्हते, ऑक्सिजनसाठी लोक रांगा लावून उभे होते, आणि आत्याने आपल्याकडच्या दुपारी, म्हणजे तिच्या मध्यरात्री, व्हिडिओ कॉल केला. आतोबांच्या बोटावरचे यंत्र रक्तातला ऑक्सिजन ९१ टक्के दाखवत होते. तू फोन माझ्या हातातून घेतलास. आतोबांना पालथे झोपवायला एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली, असे तू आत्याला एकेक करून ठेवायला लावलेस, फोन कुठे टेकवायचा तेही सांगितलेस, आणि आकडा ९४ च्या वर टिकला नाही तर रुग्णालयात जाण्यासाठी सकाळची वाट पाहायची नाही, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलेस. तासाभराने आकडा ९५ झाला. दुसऱ्या दिवशी त्यांना बेडही मिळाला. आता आतोबा घरी आहेत आणि क्रिकेटवर भांडत आहेत.

त्या दिवशी फोन ठेवण्यापूर्वी आत्याने मला विचारले, ‘हे सगळं बर्कलेत शिकवतात का रे?’ वहीतली नावे समोरच्या कपाटात होती, पण मला एकही आठवले नाही. मी म्हटले, ‘ताई, ती कम्युनिटी कॉलेजात शिकते. इथल्या इथे, घरापासून पंधरा मिनिटांवर. मी तुला नीट सांगितलं नव्हतं.’ ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘मग तू बर्कले बर्कले काय करत होतास?’ तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही, आणि तुझ्याकडे तर मी त्याची क्षमा मागायला हवी. ती इथे मागतो.

तुझ्या परवान्याच्या दोन्ही परीक्षा व्हायच्या आहेत, तेव्हा सध्या अभ्यासातून वेळ काढू नकोस. फक्त एक काम कर. यंदाच्या पदवीधरांच्या सत्कारासाठी मंडळाने अर्ज मागवले आहेत. तुझा अर्ज मी भरला आहे आणि ‘शिक्षणसंस्था’ या रकान्यात कॉलेजचे नाव पूर्ण लिहिले आहे, लहान अक्षरात नाही. त्याचे स्पेलिंग एकदा तपासून शुक्रवारपर्यंत कळव, म्हणजे मला तो पाठवता येईल. आईने फ्रिजमध्ये तुझ्यासाठी पुरणपोळ्या ठेवल्या आहेत, त्या भावाच्या हाती लागण्यापूर्वी येऊन ने.

तुझा,
बाबा