भंगारातले लोखंड आधी ओळखावे

महोदय,

लोहारकाम छंद म्हणून शिकू पाहणाऱ्याला बहुधा पहिला सल्ला मिळतो तो असा, की भंगारातून गाडीच्या स्प्रिंगचा पाटा आणावा आणि त्याचा सुरा घडवावा. सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला, तरी नवशिक्यासाठी हा क्रम उलटा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. हौशी कारागिरांसाठी लिहिणाऱ्यांनी तो सुधारावा, यासाठी हे पत्र.

भंगारातल्या तुकड्यावर त्याची जात लिहिलेली नसते. साध्या मऊ लोखंडात कार्बन साधारणपणे ०.२५ टक्क्यांच्या आत असतो. ते घणाखाली सहज वळते, मात्र पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, त्याला टिकाऊ धार येत नाही. पाट्याच्या पोलादात हेच प्रमाण ०.५ ते ०.६ टक्के आणि जुन्या कानशीत १ टक्का किंवा त्याहून अधिक असते. असे पोलाद फार तापवले तर ठिणग्या उडून जळते, लाली उतरल्यावर ठोकले तर तडकते, आणि तेलाऐवजी पाण्यात विझवले तर पुष्कळदा त्याला चिरा जातात. शिवाय वर्षानुवर्षे भार सोसलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आधीपासूनच असू शकतात. म्हणून पहिले काही महिने मऊ सळईला टोक काढणे, पीळ देणे, आकडा वळवणे एवढेच करावे. त्यात हात बसतो, आणि तुकडा बिघडला तरी हळहळ वाटत नाही.

पोलाद ओळखण्याची साधने मात्र अगदी साधी आहेत. ग्राइंडरला तुकडा लावला की मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेषेत जातात आणि क्वचितच फुटतात. कार्बन जास्त असेल तर त्या जवळच दाट फुलतात. जात ठाऊक असलेला एक तुकडा शेजारी ठेवून तुलना केल्यास फसगत कमी होते. तरीही ठिणग्यांवर विसंबून न राहता त्याच तुकड्याची एक पातळ पट्टी कापावी, लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे सुमारे ७७० अंश सेल्सियसपर्यंत, आणि मग त्याहून किंचित अधिक तापवावी व पाण्यात बुडवावी. नंतर ती शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून, वर जाड कापड टाकून आणि चष्मा लावून हातोड्याने ठोकावी. काचेसारखी तुटली तर ते पोलाद पाणी धरते. नुसती वाकली तर त्याचा सुरा करण्यात अर्थ नाही. बांधकामाच्या सळईबाबत तर ही परीक्षा प्रत्येक तुकड्याची वेगळी घ्यावी, कारण एकाच ढिगातल्या दोन सळया सारख्या निघतीलच असे नाही.

अवजारांसाठी अडून बसण्याचे कारण नाही. ऐरणीसाठी रेल्वेच्या रुळाचा तुकडा रीतसर मिळाला तर तो आडवा न ठेवता उभा रोवावा; घावाखाली अधिक वस्तुमान येते आणि छोट्याशा तोंडावरही काम चांगले होते.

धोक्यांविषयी मात्र थोडे अधिक लिहिणे भाग आहे. जस्ताचा मुलामा असलेला नळ किंवा पत्रा भट्टीत कधीही घालू नये. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि घडाईचे तापमान सहसा त्याच्या वर जाते. तो पांढरा धूर छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, आणि दूध प्यायल्याने हा धूर बाधत नाही ही कारखान्यांतली समजूत निराधार आहे. कॅडमियमचा मुलामा असलेल्या बोल्टांचा धूर तर जीवघेणा ठरू शकतो. मुलामा कसला आहे हे कळत नसेल, तर तो तुकडा सरळ बाजूला टाकावा. दोन्ही तोंडे बंद असलेला नळ, शॉक अॅब्जॉर्बर किंवा कोणतीही बंद नळकांडी तापवल्यास फुटते, हे वेगळे सांगायला नको. पण घाईत नेमके तेच विसरले जाते.

भंगारातून घडवलेल्या वस्तूंवरील लेखांत चकचकीत पात्याचे छायाचित्र असते, पण ते पाते कशाचे होते, तपासले कसे आणि विझवले कशात, याचा उल्लेख क्वचितच असतो. आपल्या वृत्तपत्राने असे लेख छापताना ही माहिती लेखकाकडून आवर्जून मागवावी, आणि ती त्याच्याकडे नसेल तर छायाचित्राखाली ‘पोलादाची जात अज्ञात’ एवढे तरी छापावे, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक