डबल बास घ्या, पण आपली हवा ओळखून

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

युवक महोत्सवांतल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम बहुधा कीबोर्डच्या डाव्या हातावर ढकलले जाते. एखादे महाविद्यालय खरा डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्या घाटाचे, उभ्याने वाजवायचे मोठे खर्जाचे तंतुवाद्य, घेणार असेल तर फारच उत्तम. मात्र त्यावर काय वाजवायचे, हे आधी ठरवावे.

सिंफनीत तो गजाने वाजतो आणि पुष्कळदा चेलोचीच ओळ एक सप्तक खाली धरतो. ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतात पहिल्या-तिसऱ्या मात्रेला मूळ स्वर आणि पंचम, एवढ्यावर भागते. जॅझमधले काम सर्वांत अवघड: बोटांनी छेडत मात्रेमात्रेला एक स्वर चालता ठेवायचा, तोही बदलत्या कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांना) धरून. ठेका आणि आधार, दोन्ही त्याच्याच अंगावर. त्यासाठी बोटे दाबायच्या पट्टीच्या टोकाशी सर्वांत बारीक ‘जी’ (G) तार 5-6 मिलिमीटर उंच असली की पुरते. गजाला ती थोडी वर लागते, खर्जाची ‘ई’ (E) तार तर 9-10 मिलिमीटरपर्यंत. म्हणून चाकांनी उंची बदलणारी घोडीच (तारा पेलणारा लाकडी आधार) घ्यावी. मोकळ्या ‘ई’ तारेचा स्वर सुमारे 41 हर्ट्झचा. मोबाइलच्या स्पीकरमधून तो मूळ स्वर निघतच नाही, तेव्हा व्हिडिओवरून पारख करू नये.

खरी अडचण हवेची. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि हवा ठणठणीत कोरडी. स्प्रूस लाकडाची तबली (वाद्याचा पुढचा फळा) आक्रसून खाली बसते, तारा पट्टीला लागून झणझणतात. पावसाळ्यात तीच फुगते, तारा वर चढतात, आणि वाजवणाऱ्याला वाटते आपला हातच बिघडला. खोलीतली आर्द्रता 40 ते 60 टक्के राहावी. कूलरच्या थेट झोतात वाद्य कधीही ठेवू नये. ओल एकाच बाजूला बसते. महाविद्यालयासाठी आमचा कौल प्लायवूडच्या वाद्याला: आवाज जरा बोथट, पण तडा सहसा जात नाही.

कडेची शिवण (तबली आणि बाजूची फळी यांचा जोड) उघडली तर घाबरू नये. तिथे मुद्दाम सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासूनचा डिंक, लावतात, म्हणजे ताण आला की लाकडाआधी जोड सुटतो. घरचा पांढरा गोंद भरला तर पुढच्या उन्हाळ्यात लाकूडच फाटेल.

तारा बदलताना एका वेळी एकच काढावी. आतला साउंडपोस्ट (तबली आणि पाठ यांच्यामधला लाकडी दांडा) चिकटवलेला नसतो, दाबानेच उभा असतो. सगळ्या तारा सैल झाल्या की पडू शकतो. पडल्यावर तारा ताणल्या तर तबली खचते. तो कारागिराकडून उभा करून घेईपर्यंत वाद्याला हात लावू नये.

– काही डबल बास वादक,
छत्रपती संभाजीनगर