जॉब कार्डावर ‘कितव्यांदा?’ हा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत नव्या स्पोर्ट्स कारबद्दल येणारे लेख मी चवीनं वाचते. शून्य ते शंभर किती सेकंदांत, वळणावर पकड कशी, एक्झॉस्टचा आवाज कसा, सगळं असतं. तीच गाडी पहिल्या वर्षात किती वेळा वर्कशॉपच्या लिफ्टवर चढली, हे मात्र कधी वाचल्याचं आठवत नाही. माझ्या गाडीपुरतं ते मी सांगू शकते: पाच वेळा, एकाच दुखण्यासाठी.

सहानुभूती मागत नाहीये. स्पोर्ट्स कारवाल्याचं रडगाणं कोणी ऐकून घेत नाही आणि त्यात लोकांचं फार चुकतं असंही नाही. ‘हौस होती ना? मग भोगा आता,’ असं माझ्या सख्ख्या भावानंच सुनावलं. पण वॉरंटी म्हणजे कंपनीनं केलेले उपकार नव्हेत. गाडीच्या किमतीतच तिचे पैसे आपण मोजलेले असतात.

गाडी दोन सीटची, इंजिन पाठीमागे, टर्बो पेट्रोल, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनात दाबानं हवा भरणारी. दुसऱ्या महिन्यात एका लांबलचक चढावर ट्रकला ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीनं एकदम दम टाकला. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. मागून हॉर्नचा गोंगाट, शेजारी ट्रकची चाकं, आणि पायाखाली पेडल असून नसल्यासारखं. मेकॅनिक मंडळी याला ‘लिंप मोड’ म्हणतात. गाडीतल्या संगणकाला काही खटकलं की इंजिन वाचवण्यासाठी तो ताकद कापतो आणि लंगडत का होईना, कडेला जा म्हणतो. कडेला घेतली, बंद करून पुन्हा चालू केली. पहिल्यासारखी पळायला लागली! दिवा दोन-तीन दिवसांनी आपला आपणच विझला. वर्कशॉपची तारीख मिळाली त्याच्या पुढच्या आठवड्यातली.

पहिल्या खेपेला सॉफ्टवेअर अपडेट झालं. दुसऱ्या खेपेला ‘मॅडम, पेट्रोल कुठून भरता?’ आणि त्यापाठोपाठ ‘घरात अजून कोण चालवतं?’ अशी चौकशी झाली. (मी एकटीच चालवते. माझी पंचवीस वर्षं गिअरच्या गाड्या चालवण्यात गेली आहेत.) तिसऱ्या खेपेला इग्निशन कॉइल आणि स्पार्क प्लग बदलले, पार्ट यायला अकरा दिवस लागले. चौथ्या खेपेला टर्बोच्या दाबाचा सेन्सर बदलला. बिचारा सेन्सर खरं तेच सांगत होता, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. दर वेळी गाडी धुऊन-पुसून, चकचकीत करून हातात द्यायचे, आणि आठ-दहा दिवसांनी ये रे माझ्या मागल्या.

चौथ्या खेपेनंतर चारही जॉब कार्डं, म्हणजे गाडी ठेवून घेताना वर्कशॉप तक्रार लिहून आपली सही घेतं ते कागद, टेबलावर शेजारी शेजारी मांडली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पहिल्यावर तक्रार लिहिली होती ‘गाडी स्लो’. दुसऱ्यावर ‘पिकअप कमी’. तिसऱ्यावर ‘इंजिन लाइट’. चौथ्यावर ‘कधी कधी झटका’. मी चारही वेळा तेच आणि तसंच सांगितलं होतं: अर्धा तास चालवल्यावर, चढावर, पूर्ण ताकद मागितली की दिवा लागतो आणि गाडी बसते. काउंटरवरच्या ॲडव्हायझरनं दर वेळी आपल्या शब्दांत दोन-तीन शब्द टाइप केले. म्हणजे त्यांच्या संगणकात माझ्या गाडीची एकही तक्रार दुसऱ्यांदा आलेलीच नव्हती. चार निराळ्या तक्रारी, चारही ‘निवारण झाले’. आणि प्रत्येकाखाली माझी सही. न वाचता केलेली, हे कबूल करायलाच हवं.

कागदावरचा तपशील वाटतो तेवढा किरकोळ नाही. नादुरुस्त नव्या गाड्यांबद्दलचे जगातले कायदे बहुतेक मोजणीवरच उभे आहेत. अमेरिकेत अशा गाडीला ‘लेमन’ म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात पहिले १८ महिने किंवा १८,००० मैल, यांतलं जे आधी पुरं होईल त्या मुदतीत एकाच दोषासाठी चार वेळा, जिवाला धोका असेल तर दोनच वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर कंपनीला दुरुस्तीची पुरेशी संधी मिळाली असं गृहीत धरलं जातं. जर्मनीत ग्राहकांच्या खरेदीत २०२१ अखेरपर्यंत साधारणपणे दुसरा प्रयत्न फसला की दुरुस्ती फसली असं मानत. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात एक दुरुस्ती फसली तरी वस्तू परत करण्याचा हक्क मिळतो. सहा महिन्यांच्या आत परत केली तर वापरापोटी पैसे कापता येत नाहीत, मात्र मोटारगाडीला या सवलतीतून नेमकं वगळलंय. भारतातला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष वस्तूबद्दल दाद मागू देतो, गरज पडली तर प्रयोगशाळेतून तपासणीही करून घेता येते; पण किती दुरुस्त्यांनंतर गाडी परत घ्यायची, असा आकडा त्यात नाही. तेव्हा इथे तर सगळी भिस्त कागदावरच. ‘एकच दोष पुन्हा पुन्हा’ हे सिद्ध करायचं कशावर? जॉब कार्डावर. आणि ते लिहिणार कोण? तर ज्याला तो दोष पुन्हा आला असं दिसायला नको, तोच.

पाचव्या खेपेला मी कागद घरूनच लिहून नेला. तारीख, गाडी सुरू करून किती मिनिटं झाली होती, कितवा गिअर, इंजिनाचे फेरे किती, चढ की सपाट, दिवा लागला त्या क्षणाचा शेजारच्या सीटवरून बहिणीनं काढलेला व्हिडिओ. काउंटरवर सांगितलं, तक्रारीच्या जागी हे जसंच्या तसं टाइप करा, नाहीतर कागद स्टेपल करा आणि तसा शेरा मारा. आणि दुसरं, संगणकातले कोड पुसण्याआधी मला त्यांची प्रिंट द्या.

कोडची गोष्ट थोडी उलगडून सांगते, कारण ती मलाही उशिराच कळली. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना बिघाडाची नोंद ठेवणारी प्रमाणित यंत्रणा सक्तीची आहे. आता ती जगभर रुळली आहे. दिवा विझला तरी बिघाडाचा कोड बराच काळ आत राहतो, आणि त्यासोबत ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणजे त्या क्षणाची नोंदही असते: इंजिन किती तापलं होतं, त्यावर भार किती, वेग किती. मेकॅनिकला तपासासाठी याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. माझ्या गाडीत मात्र प्रत्येक खेपेला पहिलं काम झालं ते हा साक्षीदार पुसून टाकण्याचं. मग ‘टेस्ट ड्राइव्ह घेतली, दोष आढळला नाही’. कुठून आढळणार? टेस्ट ड्राइव्ह दहा मिनिटांची आणि सपाट रस्त्यावर.

पाचव्या वेळी एक तरुण मेकॅनिक नेमला गेला. त्यानं कोड वाचला: पी०२९९, टर्बोचा दाब अपुरा. फ्रीझ फ्रेम पाहिली, मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसला आणि म्हणाला, ‘मॅडम, तुम्हीच चालवा, तुमच्या पद्धतीनं.’ पस्तीसाव्या मिनिटाला, चढावर, दिवा लागला. तो इतका खूश झाला की मला हसू आलं.

परत आल्यावर त्यानं गाडीखालचं झाकण उतरवलं आणि टर्बोची हवा इंजिनाकडे नेणारा रबरी होज काढला. क्लॅम्पच्या कडेला, नखानं ओढावी तशी एक बारीक रेघ होती. होज सरळ धरला तर ती दिसेनाशी व्हायची. अंगठ्यानं वाकवला की ओठ उघडावेत तशी उघडायची. रबर तापून मऊ पडलं आणि आतून पूर्ण दाब आला की तिथून हवा निसटत होती. आधी धूर सोडून गळती तपासली होती म्हणे, पण ती थंड इंजिनावर आणि अगदी कमी दाबानं. बदललं काय, तर एक होज आणि एक क्लॅम्प. काम दीड तासाचं.

तो हात पुसत म्हणाला, ‘वॉरंटीच्या कामात आम्हाला बदलायचे तास मिळतात, शोधायचे मिळत नाहीत.’ कंपनी डीलरला प्रत्येक कामाचे ठरावीक तास मोजून पैसे देते. कॉइल बदलली, इतके तास. सेन्सर बदलला, इतके. अर्धा दिवस गाडीत बसून बिघाडाची वाट पाहण्याचे पैसे मिळतीलच असं नाही. मग तर्कानं पार्ट बदलत जाणं हेच सोपं पडतं. मला हे कुठल्याही माफीपत्रापेक्षा पटलं, आणि माझा काउंटरवरच्या माणसांवरचा निम्मा राग तिथेच उतरला. उरलेला निम्मा कंपनीसाठी राखून ठेवला आहे.

माझं मागणं एवढंच की जॉब कार्डावर ग्राहकाची तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत लिहिली जावी, आणि तिच्यापुढे ‘कितव्यांदा?’ असा एक रकाना असावा. कोड पुसण्याआधी त्यांची प्रत ग्राहकाला मिळावी. आणि गाडी जितके दिवस वर्कशॉपमध्ये उभी राहिली तितके दिवस वॉरंटी पुढे सरकावी. माझी सेहेचाळीस दिवस उभी होती, वॉरंटीचं घड्याळ मात्र चालूच होतं. हे कंपन्यांनी आपणहून केलं तर उत्तमच. नाही तर नियमानं करून घ्यावं. तोवर नव्या गाडीच्या मालकांनी सही करण्याआधी कार्ड वाचावं. मला ही अक्कल चार सह्यांनंतर आली.

होज बदलल्यावर तिसऱ्या दिवशी सर्व्हिसबद्दल मत विचारायला एका मुलीचा फोन आला. वेळेवर गाडी मिळाली का, गाडी धुतली होती का, कर्मचारी नम्र होते का. दहापैकी गुण द्या, शक्यतो दहाच द्या. मी सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि विचारलं, ‘हीच तक्रार आधी किती वेळा आली होती, हा प्रश्न नाही का?’

ती क्षणभर थांबली. ‘नाही मॅडम, तो ऑप्शन आमच्या फॉर्ममध्ये नाहीये.’

आपली,
एक नियमित वाचक