काका, सीट दोन बोटं खाली घेतलीत त्याबद्दल

प्रिय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं उघड पत्र. बागेतल्या बाकावर बसणारे, खिशातून पाना काढून देणारे काका, एवढीच तुमची ओळख माझ्याकडे आहे.

त्या संध्याकाळी माझी अडीच वर्षांची लेक बॅलन्स बाइकवर, म्हणजे पायांनी रेटायच्या बिनपेडलच्या सायकलवर, बसून रडत होती आणि मी हँडल धरून तिला पुढे ओढत होते. तुम्ही उठून आलात. तिला काही न बोलता तिच्या पायांकडे बघितलंत. ती चवड्यांवर कशीबशी टेकली होती. ‘टाच टेकत नाही हो तिची, घाबरणारच,’ म्हणालात. तिला उतरवून उभं केलंत, जांघेपासून टाचेपर्यंत वितीनं माप घेतलंत आणि सीट त्याहून दोन बोटं खाली आणलीत. ती पुन्हा बसली. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट, गुडघे किंचित वाकलेले. रडणं तिथंच थांबलं. महिनाभर मी तिला भित्री समजत होते, काका. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग तुम्ही मला म्हणालात, ‘आता हात काढा.’ हे मला जास्त जड गेलं. पण तुम्ही नीट समजावलंत: सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल जरासं वळलं की चाकं पुन्हा अंगाखाली येतात, आणि आपणच हँडल धरून ठेवलं तर पोराला ते कळणार कसं? आधाराची दोन चाकं लावायचा माझा विचारही तुम्ही तिथंच मोडून काढलात. त्या चाकांवर सायकल कलतच नाही, मग तोल शिकणार कुठून! ‘आधी तोल, मग पेडल.’

घरी येऊन मी शोधलं. 1817 मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी बनवलेल्या लाकडी दुचाकीलाही पेडल नव्हतं, माणसं पायांनी जमीन रेटत पुढे जायची. पेडलवाली सायकल रूढ झाली ती 1860 च्या दशकात. म्हणजे सायकलसुद्धा तुमच्याच क्रमानं घडली.

त्या संध्याकाळनंतर पहिले कित्येक दिवस लेक सीटवर बसलीच नाही, सायकल पायांत घेऊन नुसती चालायची. ‘बस’ म्हणायचं नाही हे तुमचं सांगणं मी पाळलं. हेल्मेट आणि बंद बूट, एवढाच माझा आग्रह. एक दिवस ती आपणहून टेकली, मग पावलं लांब पडू लागली.

आणि परवा उतारावर मी तिच्या मागून चालत होते. बुटांचा खस्‌ खस्‌ आवाज चालू होता, तो अचानक बंद झाला. पडली वाटून मी धावले. काका, तिचे दोन्ही पाय हवेत होते! सायकल डावीकडे कलली, तिनं हँडल डावीकडेच वळवलं, सावरली आणि तशीच पुढे गेली. मी हात लावला नव्हता.

तुमचा बाक तेव्हा रिकामा होता. ती आता रोज तिथपर्यंत येते, बूट घासून थांबते, ‘आजोबा?’ विचारते. तिच्या बुटांची टोकं झिजलीत आणि गुडघे जरा जास्तच वाकायला लागलेत. सीट बोटभर वर घ्यायला हवी. पाना आता माझ्याकडेही आहे, पण माप तुम्ही घ्यावं असं मनापासून वाटतं. आम्ही साडेपाचला येतो.

तुमची ऋणी,
लाल हेल्मेटवालीची आई