पपनसाचं सरबत आणि काकाची बोटं

बडोदा, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी रहस्यकथा काल रात्री एका बैठकीत वाचली. दांडिया बाजारातला वाडा, उत्तरायणाचा दिवस, सगळे गच्चीवर पतंगात गुंतलेले आणि खाली आजीच्या कपाटातून ठुशी नाहीशी. आठ पानं मी घरातल्या एकेकावर संशय घेत होते. नवव्या पानावर सुरतेचा कुणी मामेभाऊ उगवतो, रडतो, कबूल करतो, झालं! मला फार वाईट वाटलं गं. चोर त्या घरात नव्हताच, मग मी शोधत कुणाला होते? जो चोर निघणार, तो पहिल्या दोन पानांतच घरात वावरताना दिसायला हवा.

आपल्या गावातलंच एक प्रकरण सांगते. ९ नोव्हेंबर १८७४. रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळचा फेरफटका मारून आला. रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा पेला तयार होता. दोन-तीन घोट घेतले, बरं वाटेना म्हणून उरलेलं ओतून दिलं, तर तळाशी काळपट गाळ. डॉक्टरांनी तपासला: सोमलाचं विष आणि हिऱ्याची पूड. आळ आला बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर.

रोजचा पेला आणि तळाशी नको ते, एवढ्यावरच अंगावर काटा येतो. तुझ्या पहिल्या परिच्छेदातलं घुबड, सोसाट्याचा वारा, विझलेला दिवा काढून टाक. ठुशीची डबी जागच्या जागी, झाकण नीट लावलेलं, आत काही नाही. तिथून सुरू कर.

पुढे रेसिडेन्सीतल्या एका हवालदाराच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. मल्हाररावांचे वकील बॅलन्टाइन यांनी बोट ठेवलं ते ती शोधून काढणाऱ्या पोलिसांवरच. तुझ्या कथेत ठुशीचा मणी जिन्यात सापडतो. तो कुणाला सापडला, हे तू लिहिलंच नाहीस. ते लिहिलंस तर मण्याबरोबर एक माणूसही संशयात येईल.

१८७५मध्ये आयोग बसला. तीन इंग्रज, तीन हिंदी. तेच साक्षीदार, तोच पुरावा, आणि मतं तीन विरुद्ध तीन! मल्हाररावांना गादीवरून काढलं ते गैरकारभाराचं कारण देऊन. विष कुणी घातलं, याचा वाद राहिला तो राहिलाच. तुला मात्र तसं सोडता येणार नाही, म्हणून शेवटचं पान आधी लिही. कोण किती वाजता कुठे होतं, ते वहीत मांड.

आता मला सुचलेलं. चोर काकाला कर. तो सगळ्यांना ऐकवतो, ‘दिवसभर गच्चीवर होतो, नऊ पतंग कापले.’ (नुसती फिरकी धरली असं म्हणायला लावू नकोस, फिरकी धरणाऱ्याची बोटं कापत नाहीत.) रात्री उंधियू-जलेबीची पंगत. मांजाने सगळ्यांची बोटं चिरलेली, मसाला झोंबतो म्हणून जो तो चमचा मागतोय. काका मात्र हाताने चवीने खातोय, ‘वहिनी, अजून वाढा,’ म्हणतोय. हे वाक्य जलेबीवरून पोरांचं भांडण चालू असताना मध्येच टाक आणि लगेच पुढे जा. वाचकाला तो खवय्या वाटेल. शेवटी वाचक मागची पानं उलटून बघेल, तेव्हा ती न कापलेली बोटं तिथेच असतील.

आता मला उत्तर ठाऊक आहे, माझा उपयोग नाही. नवीन खर्डा तुझ्या बाबांना पाठव, शेवटचं पान वगळून. त्यांना मी यातलं अक्षर सांगितलेलं नाही. काकाचा संशय त्यांना कुठल्या ओळीवर आला, तिथे मी पेन्सिलीने खूण करून कळवीन.

तुझी,
आई